पाच किलोला शंभर ग्रॅम कमी

सॅक अजून माळ्यावर चढवलेली नाही. दाराआड उभी आहे. तिच्या तळाशी चिवड्याचा भुगा आहे हे मला माहीत आहे आणि तो झटकायचं काम मी रोज उद्यावर ढकलते. डोंगरावरून येऊन तीन आठवडे झाले. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते ते गेले, थकवा मात्र गेला नाही. खरं सांगायचं तर तो डोंगरावर आलेला नव्हताच. तो मी घरूनच घेऊन गेले होते.

आम्ही तिघं. हे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. मी एका शाळेच्या ऑफिसात. मुलगी हिंजवडीला कॉम्प्युटरवर काहीतरी करते. नेमकं काय, ते तिने मला तीनदा समजावलंय. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, चौतीस पायऱ्या आहेत. वीस वर्षं त्या चढले-उतरले, पण मोजल्या सव्वा वर्षापूर्वी.

दिवाळीला आठवडा राहिला होता. चकलीची भाजणी मी भाजून ठेवली होती आणि मीच यांना म्हणाले, अहो, गिरणी बंद व्हायच्या आत जाऊन या, गहूही संपलेत, एकाच खेपेत होईल. हे गेले आणि आले. एका हातात भाजणीचा डबा, दुसऱ्या हातात कणकेचा. विसाव्या पायरीवर बसले. डबे घरंगळत खाली गेले तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला, आणि माझं पहिलं वाक्य होतं, "सांडलंत ना?" बाहेर येऊन बघते तर जिन्याभर पीठ, आणि त्यात हे, कपाळावर घाम आणि हात छातीवर. दवाखान्यात दोन स्टेंट टाकले. तिसऱ्या दिवशी मी जिना झाडायला घरी आले तेव्हाही भाजणीचा खमंग वास तिथे होता. त्या दिवाळीला चकली केली नाही. पुढच्याही नाही.

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. यांनी त्यावरून मला कधी एक शब्द विचारला नाही, हे जास्त लागतं.

त्यानंतर यांनी काही उचलायचं नाही असं मी ठरवून टाकलं. भाजीची पिशवी मी, दळण मी, सिलेंडर आला की दारापासून ओट्यापर्यंत मीच सरकवणार. पिण्याच्या पाण्याची कळशीसुद्धा मी यांच्या हातातून काढून घेतली होती. एकदा शेजारचे आले तेव्हा हे म्हणाले, "बसा. मीही इथे बसायलाच असतो."

अशा घरात मुलीने डिसेंबरमध्ये जाहीर केलं की आपण फॅमिली ट्रेक करायचा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून टेकड्या चढत-उतरत सिंहगड. लोक एका दमात करतात, आपण दोन दिवसांत करू, मधे तंबू लावू. हे तिशीत असताना कारखान्यातल्या मित्रांबरोबर तिथून कितीदा तरी गेलेले. यांचा चेहरा असा काही उजळला की माझ्या तोंडातलं "नाही" तिथेच राहिलं.

डॉक्टरांना विचारायला गेलो. सगळ्या तपासण्या झाल्या, ते म्हणाले, जा की, सावकाश चाला, थांबत थांबत, गोळ्या चुकवू नका. मी चष्मा विसरल्याचं निमित्त करून एकटी परत आत गेले आणि पाठीवर किती वजन चालेल ते विचारलं. ते म्हणाले, पाच किलोपर्यंत काही हरकत नाही. बाहेर येऊन मी यांना सांगितलं, "दोन किलो म्हणाले. त्याच्या वर एक ग्रॅम नाही."

सामानाची तयारी आठवडाभर चालली. मुलीने ऑनलाइन काय काय मागवलं: डोक्याला बांधायचे दिवे, घडीच्या काठ्या, एवढासा गॅस, आणि गरम पाणी ओतलं की उपमा होतो अशी पाकिटं. मी माझ्या पद्धतीने तयारी केली. दशम्या, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, शंकरपाळे, पातळ पोह्यांचा चिवडा, आणि लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीत, कारण प्लॅस्टिकमध्ये लोणच्याला वास लागतो.

"आई, आपण दोन दिवस चाललोय. तू लग्नाचं वऱ्हाड जेवायला घालणार आहेस का?"

"तुझ्या पाकिटांतून काय निघेल ते मला माहीत नाही. माझ्या डब्यातून काय निघेल ते माहीत आहे."

आज सांगते, दोघींचंही चुकलं होतं. तिची पाकिटं पाणी प्यायची आणि माझा फराळ माणसाला पाणी प्यायला लावायचा. दोघींच्या सामानात पाण्याचा विचार कुणीच केला नव्हता. पण तेव्हा मला पाण्याची नाही, यांच्या सॅकची काळजी होती. रिकामी दिली असती तर यांनी घेतली नसती. म्हणून मी ती फुगवली. तळाला स्लीपिंग बॅग, त्यावर फोमची चटई उलगडून, त्यावर चिवड्याच्या चार पिशव्या, वर यांचा स्वेटर आणि कानटोपी. बघणाऱ्याला वाटावं केवढी भरलेली, आणि उचलली तर उशी. तंबू मुलीकडे. उरलेलं सगळं माझ्याकडे: स्टीलचे डबे, बरणी, आठ लिटर पाणी, औषधं, रक्तदाब मोजायचं यंत्र, आणि यांच्या रिपोर्टांची फाइल. हो, फाइल. डोंगरावर ती कोण वाचणार होतं, विचारू नका.

निघालो जानेवारीच्या अखेरीस, मुलीला सुट्टी मिळाली त्या आठवड्याच्या मधल्या वारी. कात्रजला बसमधून उतरून चहा घेतला. हे म्हणाले, "पाय मोकळे करून येतो," आणि गेले. मी मुलीला म्हटलं, बघ, आत्तापासून दम लागलाय. दहा मिनिटांनी हे आले, सॅक पाठीला, चेहरा कोरा. रिक्षाने बोगद्यापाशी पोचलो आणि चालायला लागलो.

पहिल्या टेकडीवरच मला कळलं की मी काय करून बसले आहे. पट्टे खांद्यात रुतत होते. डब्यांचा एक कोपरा कमरेत टोचत होता आणि प्रत्येक पावलाला बरणी चमच्यावर वाजत होती. वाळलेल्या गवतावरून पाय घसरायचा. पुढे हे, काठी टेकत, एका लयीत. मी मागून यांची मान बघत चालले होते, घाम किती आलाय, श्वास कसा चाललाय. लोक डोंगरावर जातात तेव्हा दरी बघतात, खाली पसरलेलं शहर बघतात. मला त्या दिवसाचं विचाराल तर यांच्या शर्टाची कॉलर तेवढी आठवते.

"देऊ का थोडं मी?" यांनी दोनदा विचारलं.

"तुमचं तुम्ही सांभाळा," मी दोनदा म्हणाले.

संध्याकाळी एका सपाटीवर तंबू लावला. खाली हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे चालले होते. मुलीच्या पाकिटांनी दोन लिटर पाणी घेतलं आणि उपमा म्हणून जे दिलं ते आम्ही गप्प बसून खाल्लं. मग तिनेच हळूच विचारलं, "आई, चिवडा आहे ना?" यांनी सॅकमधून पिशव्या काढून दिल्या. चिवड्याचा पार भुगा झाला होता.

"अहो, बसलात का सॅकवर?"

"चटई दाबली गेली असेल," हे म्हणाले. आम्ही तो भुगा चमच्याने खाल्ला आणि त्यावर पाणी प्यायलो. भरपूर प्यायलो, कारण हे म्हणाले, पुढच्याच टेकडीच्या पोटात दगडात खोदलेलं टाकं आहे, बारमाही पाणी, नितळ, मे महिन्यात येऊन प्यायलोय.

सकाळी मी आधी उठले. दोन बाटल्या भरलेल्या उरल्या होत्या, तिसरी अर्धी. आता जे सांगते त्यावर मुलगी अजून विश्वास ठेवत नाही. मी ते पाणी ओतून दिलं. थोड्या पाण्याने डबे विसळले, थोड्याने तोंड धुतलं, आणि उरलेलं करवंदीच्या जाळीच्या मुळाशी सोडलं. का, तर ते शिळं झालं होतं. आमच्या घरी रोज सकाळी नळ आला की आदल्या दिवशीचं पाणी कुंड्यांना जातं, कळशी घासली जाते आणि ताजं भरलं जातं. माझी आई असंच करायची, तिची आईही. पाणी शिळं कसं होतं हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही. टाकं तर पुढेच होतं. यांनी सकाळच्या गोळ्या ताज्या पाण्याबरोबर घ्याव्यात असं माझ्या मनात होतं. तीसेक वर्षांची सवय माझ्याबरोबर डोंगरावर आली आणि तिने सूर्य उगवायच्या आत आमचं सगळं पाणी जमिनीला पाजलं.

टाकं पाऊण तासात लागलं. तळाशी वाळून भेगाळलेला गाळ, चिप्सची पाकिटं आणि कुणाची तरी एक चप्पल.

मग मुलीने विचारलं, "बाटल्यांत किती आहे?"

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "ओतलंस? आई, तू पाणी ओतलंस? डोंगरावर?"

"शिळं होतं," मी म्हणाले. घरात हे वाक्य किती शहाणपणाचं वाटतं, आणि तिथे त्या कोरड्या टाक्याच्या काठावर ते कसं वाटलं, ते सांगता येत नाही.

मागे वळावं तर कालचा अख्खा दिवस मागे होता. पुढे चार टेकड्या. मधला वार, वाटेवर चिटपाखरू नाही. ऊन चढायला लागलं होतं. ताक-सरबतवाल्या बायका भेटणार त्या थेट गडाजवळ. आणि यांची रक्त पातळ ठेवायची गोळी, जी एक दिवसही चुकवायची नाही असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं, ती माझ्या मुठीत होती. कोरडी गिळा म्हणावं तर घशात चिकटेल. न घ्यावी तर काय होईल, त्याचा विचारही मला करवेना. पुढच्या चढावर हे थांबले आणि बोरीच्या झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत दगडावर बसले. कपाळ पुसलं. कपाळावर घाम होता.

मला जिना दिसला. मी सॅक खाली टाकली, बरणी फुटल्याचा आवाज आला, तिकडे लक्षच गेलं नाही. यंत्र काढलं, यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, घाईत तो दोनदा सुटला. आकडे आले. रोज घरी येतात तेच.

"ऊन आहे, म्हणून घाम आलाय," हे म्हणाले. "तुलाही आलाय." मग यांनी आपली सॅक पुढ्यात ओढली, स्वेटर बाजूला काढला, चटई काढली, आणि आत हात घालून एक काकडी बाहेर काढली. मग दुसरी. मग संत्री. एकेक करून दगडावर मांडत गेले. आठ काकड्या आणि डझनभर संत्री. मुलगी "बाबा!" म्हणून ओरडलीच.

मला काही समजेना. "हे कुठून आलं?"

"कात्रजहून. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा. घरून निघताना सॅक पाठीला लावली आणि कळलं, तू मला उशी बांधली आहेस. म्हटलं, रिकामा कशाला चालू?"

मग चिवड्याचं कोडं सुटलं. आणि मी भडकले. खरंच भडकले. सुटका झाली म्हणून हसायचं सोडून मी त्या माणसावर ओरडत होते, की तुम्हाला जिवाची किंमत नाही, की डॉक्टरांनी दोन किलो सांगितलं होतं, की तुम्हाला काही झालं असतं तर.

यांनी मला सगळं बोलू दिलं. काकडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, माझ्या मुठीतून गोळी घेतली आणि त्या रसाबरोबर गिळली. मग म्हणाले, "पाच सांगितलं होतं."

मी दगडावरचं एक संत्रं उचललं.

"दोन हा आकडा मला डॉक्टरांचा वाटला नाही. तुझा वाटला. म्हणून फोन करून विचारलं. पाच म्हणाले. फळवाल्याच्या काट्यावर अख्खी सॅक ठेवली. तो हसत होता, पण त्याने तोलून दिली. पाच किलोला शंभर ग्रॅम कमी. एक संत्रं तो वर देत होता, तेही नको म्हटलं." मग म्हणाले, "मलाही मरायचं नाहीये गं. फक्त सारखं बसवून ठेवू नकोस."

सव्वा वर्षात हे एवढं सलग कधी बोलले नव्हते. मी खाली बघत संत्रं सोलत राहिले. मग मीही सांगून टाकलं. त्या दिवशी दोन्ही डबे मीच दिले होते. एकाच खेपेत आणा, मी म्हणाले होते. आणि तुम्ही जिन्यात बसलात तेव्हा मी पिठाचं विचारलं.

"ते मी ऐकलं होतं," हे म्हणाले. "सांडलंच होतं की."

मुलगी उठून दूर जाऊन उभी राहिली, शहराकडे तोंड करून. तिला एवढी समज कधी आली, कळलं नाही.

निघताना यांनी माझी सॅक बाजूला करायला म्हणून हात घातला आणि एका हाताने ती उचलेना. पाणी संपलेलं, निम्मा फराळ संपलेला, तरीही. यांनी वाकून परत एकदा ओढून बघितली. "ही तू काल सकाळपासून वाहते आहेस?" यांनी विचारलं. "हिचं वजन केलंस?"

नव्हतं केलं. यांच्या सॅकचं मी घरच्या काट्यावर तीनदा केलं होतं. माझ्या सॅकचं करावं असं मला सुचलंही नव्हतं. तेवढ्या एका प्रश्नाने माझा बांध फुटला आणि मी त्या उन्हात, लोणच्याचा रस गळणाऱ्या सॅकपाशी बसून रडले. दमले होते मी. कधीपासून दमले होते, ते त्या क्षणापर्यंत मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

मग वाटण्या झाल्या. फुटकी बरणी कापडात गुंडाळून मुलीच्या सॅकमध्ये गेली. काकड्या-संत्री खाऊन यांची सॅक हलकी झाली होती, तिच्यात दोन डबे आणि रिपोर्टांची फाइल बसली. "माझी फाइल मीच वाहतो," हे म्हणाले, "आजार माझा आहे." काकडीची एकेक फोड तोंडात धरून आम्ही उरलेल्या टेकड्या काढल्या. दुपार कलता कलता गडावर पोचलो आणि पहिल्या मावशींकडचं ताक, मोजलं नाही, पण त्यांनी मडकं तिरपं केलं एवढं आठवतं. गडावर हिंडून दृश्य वगैरे बघायचं त्राण कुणातच नव्हतं.

मुलीने नंतर फोनवर एक यादी केली, पुढच्या वेळेसाठी. काच नाही. फाइल नाही. पाणी पिणारी पाकिटं नाहीत. प्रत्येकाची सॅक काट्यावर. सगळ्यात वर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पाणी शिळं होत नाही. ती यादी तिने मला पाठवली. मी तिला अंगठा पाठवला. कळशीतलं पाणी मात्र मी रोज सकाळी अजूनही कुंड्यांना घालते.

परवाच्या रविवारी हे म्हणाले, "चकल्या खाऊन दोन दिवाळ्या झाल्या." मी म्हटलं, आता फेब्रुवारीत? तर म्हणाले, "भाजणीला मुहूर्त लागतो का?" तांदूळ, डाळी, धणे भाजले. घरभर तोच वास सुटला आणि मला एकदा ओट्याला धरून उभं राहावं लागलं. डबा भरला, काट्यावर ठेवला. साडेतीन किलो. यांनी वाकून आकडा वाचला, मग माझ्याकडे बघितलं, आणि डबा उचलून गेले.

तासाभराने खाली पावलं वाजली. मी दारात उभी राहून मोजत होते. अठरा, एकोणीस, वीस. विसाव्या पायरीवर पावलं थांबली. मी कठडा घट्ट धरला. खालून यांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि पायरीवर डबा टेकवल्याचा.

मी खाली गेले नाही. आत आले, कढईत तेल ओतलं आणि गॅस पेटवला.